न्यू जर्सीहून रात्रभराच्या बोटीवर टुना पकडायला बोलावताहेत, वय ६२, जाऊ का?

दांडियाबाजारकर

नमस्कार मंडळी, बडोद्यात बसून हा प्रश्न विचारतोय म्हणून आधीच सांगतो, हसायचं नाही. मुलगा न्यू जर्सीत एडिसनला असतो, सप्टेंबरच्या शेवटाला आम्ही दोघं त्याच्याकडे चाललोय. त्याने आणि ऑफिसातल्या चौघांनी मिळून पॉइंट प्लेझंट म्हणून बंदर आहे तिथून एक अख्खी बोट ठरवलीय. ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी दुपारी निघायचं, शंभरेक मैल आत जायचं, रात्रभर टुना पकडायचा आणि रविवारी दुपारी परत. बोटीवर सहा जणांची जागा, पाच झाले, सहावा मी व्हावं असं चिरंजीवांचं म्हणणं. मी अजून हो पण नाही आणि नाही पण नाही म्हटलेलं.

माझी पात्रता म्हणाल तर नोकरीत असताना रविवारी सिंधरोटला महीच्या काठी नाहीतर चांदोदला नर्मदेवर गळ टाकून बसायचो. रोहू, कटला, नशीब असलं तर मरळ. समुद्र म्हणाल तर हजीरा-घोघा फेरी, तीही दिवसाढवळ्या, एसीत, हातात चहा. बीपीची गोळी आहे, प्रोस्टेटची पण आहे, उजवा खांदा मागे धरला होता तो आता नव्वद टक्के सुटलाय.

तर विचारायचं असं की मला बोट लागेल का, लागलीच तर मधूनच परत आणतात की रात्रभर तसंच पडून राहायचं. टुना म्हणजे केवढा मासा, माझ्याच्याने ओढला जाईल का, की मी नुसता पोरांच्या मधेमधे येईन. रात्री काळोखात नक्की करतात काय ते पण कोणी नीट सांगत नाही, मुलगा यूट्यूबचे व्हिडिओ पाठवतो त्यात सगळे नुसते ओरडत असतात. परमिट वगैरे मला वेगळं लागेल का, मी तर व्हिजिटर. आणि आलेल्या माशाचं करायचं काय, कारण आमच्या सौं.नी कॅलेंडर काढून दाखवलंय की तो शनिवार पितृपक्षात येतो आणि पुढच्या आठवड्यात घट बसतात, म्हणजे दसऱ्यापर्यंत घरात मासा शिजणार नाही. आम्ही सीकेपी असूनही हे असं आहे.

ज्यांनी खरंच हे केलंय त्यांनी सांगा. ऐकीव नको.

वाडीचा_पोरगा

काका टुना म्हणजे तो डब्यातला ना, सँडविचमध्ये घालतात तो? त्यासाठी रात्रभर समुद्रात कशाला, सुपरमार्केटात रांगेने लावलेला असतो. बाकी जा बिनधास्त, परत येऊन स्टोरी सांगा.

जर्सीवाला_बडोदेकर

काका नमस्कार, मी मूळचा रावपुऱ्यातला, बरीच वर्षं इकडे जर्सीत आहे आणि सीझनला जातो म्हणून लिहितोय. लांब होईल, चहा घेऊन बसा.

पहिलं म्हणजे मुलाने अख्खी बोट घेतलीय हे फार बरं झालं. इकडे दोन प्रकार असतात, एक हेडबोट, मोठी, वीस-पंचवीस माणसं, माणशी तिकीट, झोपायला बंक पण रात्री सगळे एकदम कठड्याला आणि एकमेकांच्या लाईनी गुंतवताहेत. दुसरी ही तुमची, सहाच पॅसेंजर, एक कॅप्टन, एक नाहीतर दोन मेट, म्हणजे कॅप्टनचे मदतनीस. नवख्या माणसाला सहाची बोट केव्हाही चांगली कारण मेट तुमच्या शेजारीच असतो आणि गाठ मारण्यापासून मासा वर घेण्यापर्यंत सगळं तोच बघतो. पैसे जास्त पडतात, ते मुलाला पडू द्या.

जातात ते हडसन कॅनियनकडे किंवा त्याच्या दक्षिणेला टॉम्स कॅनियनकडे. न्यूयॉर्कजवळ हडसन नदी समुद्राला मिळते, तिचीच पुढे पाण्याखाली घळ आहे असं समजा, किनाऱ्यापासून शंभरेक मैलांवर समुद्राचा उथळ तळ संपतो आणि तिथे ती घळ एकदम खोल जाते. गल्फ स्ट्रीमच्या गरम पाण्याचे भोवरे सुटून त्या कडेला येतात, गरम आणि गार पाणी जिथे भिडतं तिथे बारीक मासळी जमते आणि तिच्या मागे टुना. कॅप्टन लोक निघायच्या आधी सॅटेलाइटचे पाण्याच्या तापमानाचे नकाशे बघूनच दिशा ठरवतात, त्यामुळे कुठल्या कॅनियनला जाणार हे शनिवारी सकाळपर्यंत नक्की नसतं, त्यावरून मुलाशी वाद घालू नका.

वेळापत्रक साधारण असं. दुपारी निघून बोटीच्या स्पीडप्रमाणे चार ते सहा तास नुसता प्रवास. पोचल्यावर उजेड असेपर्यंत ट्रोलिंग, म्हणजे सहा-सात नॉटने, म्हणजे तासाला सहा-सात सागरी मैल, बोट चालत राहते आणि मागे खोटी आमिषं पाण्याच्या पृष्ठभागावर उड्या मारत येतात. त्यात तुम्हाला काही काम नाही, रील किंचाळलं की ज्याचा नंबर त्याने उठायचं. खरा खेळ अंधार पडल्यावर.

रात्री बोट नांगरतात किंवा वाहत्या पाण्यात तशीच सोडतात, इंजिन बंद किंवा मंद, आणि पाण्यावर मोठे दिवे. उजेडाला आधी स्क्विड म्हणजे माकूळ येतात, बारीक मासे येतात. ते स्क्विड तिथेच पकडून जिवंत आमिष म्हणून लावता येतात आणि माझ्या मते रात्रीची निम्मी मजा तीच. मग चंकिंग सुरू होतं. बटरफिश म्हणून तळहाताएवढा चपटा मासा असतो, त्याचे तुकडे करून मेट एका वेळी चार-पाच पाण्यात टाकतो, ते दिसेनासे झाले की पुढचे चार-पाच. मूठभर एकदम टाकायचे नाहीत आणि मधे थांबायचं पण नाही, माशाला खाऊ घालायचं पण पोट भरू द्यायचं नाही. तुमच्या गळाला तसाच एक तुकडा, गळ पूर्ण आत दडवलेला, आणि लाईन मोकळी सोडायची. इथेच सगळं आहे काका. तुमचा तुकडा बाकीच्या तुकड्यांच्या वेगानेच वाहत गेला पाहिजे. जराही ताण आला की तो पाण्यात अडकल्यासारखा दिसतो आणि टुनाची नजर इतकी तेज की तो बाजूचे पाच खाईल आणि तुमचा सोडेल. म्हणून डाव्या हाताने रीलवरून हातभर-हातभर लाईन ओढून पाण्यात टाकत राहायची, अंगठा स्पूलवर, म्हणजे रीलच्या ज्या चाकावर लाईन गुंडाळलेली असते त्यावर, अलगद, दाबायचा नाही, आणि दिव्याच्या उजेडात लाईन पाण्यात शिरते ती जागा बघत राहायचं. दोन तास काही होत नाही. मग कधीतरी लाईन तुम्ही सोडताय त्यापेक्षा जोरात जायला लागते, अंगठ्याखाली स्पूल गरम लागतं, तेव्हा झटका द्यायचा नाही. सर्कल हुक म्हणजे टोक आत वळलेला गळ असतो, रीलच्या ब्रेकचा लिव्हर हळूच पुढे करून नुसतं गुंडाळायला लागायचं, तो आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. ज्यांना झटका द्यायची सवय आहे त्यांचे मासे सुटतात, आणि चांदोदला गळ टाकून बसलेल्या माणसाला जी चिकाटी असते ती या पोरांना नसते, त्यामुळे तुम्ही मधेमधे येणार वगैरे डोक्यातून काढा.

मासा केवढा, तर यलोफिन म्हणजे पिवळ्या परांचा टुना मुख्य, पंधरा-वीस किलोचा नेहमीचा, तीस किलोचा आला तर सगळे उठून बघतात. अल्बाकोर त्याहून लहान, बिगआय मोठा पण तो सगळ्यांच्या नशिबी नसतो. पहिली धाव दीडशे-दोनशे यार्ड सरळ खाली, तेव्हा काहीही करायचं नाही, ड्रॅगला, म्हणजे रीलच्या ब्रेकला, काम करू द्यायचं. मग तुम्ही थोडं गुंडाळायचं, तो थोडं घेणार, आणि शेवटी तो बोटीच्या खाली गोल गोल फिरायला लागतो, तो भाग सगळ्यात जड. कमरेला पट्टा असतो त्यात रॉडचा बुंधा टेकवायचा, हार्नेस मागून घ्या, म्हणजे ओढ खांद्यावर न येता कमरेवर आणि मांड्यांवर येते. खांदा बोलायला लागला की रॉड मुलाच्या हातात द्या. विक्रम म्हणून नोंदवायचा असेल तरच दुसऱ्याने हात लावलेला चालत नाही, तुम्हाला कुठे नोंदवायचाय.

परमिटचं टेन्शन नाही, अशा बोटींना त्यांचं स्वतःचं फेडरल परमिट असतं आणि पॅसेंजर त्यावरच येतात. नियम मात्र पक्के आहेत. यलोफिन माणशी तीन, लांबी कमीत कमी २७ इंच, त्याखालचा परत पाण्यात. ब्लूफिनचे नियम वेगळे आणि सीझनमध्येच बदलतात, ते कॅप्टन बघेल. रात्री तुकड्यांच्या वासाने शार्क पण येतात, निळे शार्क तर हमखास, आणि माको जातीचा शार्क आला तर तो ठेवता येत नाही, २०२२ पासून बंदी आहे. आणि पकडलेला मासा विकायचा नाही, घरी खायचा नाहीतर वाटायचा.

एक स्पष्ट सांगतो, रात्रभर एकही टुना न लागता परत आलेल्या बोटी असतात. व्हिडिओ त्यांचे नसतात. सकाळी कॅप्टन मग लॉबस्टरच्या सापळ्यांचे तरंगते बोये शोधतो, त्यांच्या सावलीत माहीमाही नावाचे मासे उभे असतात, ते लहान, चविष्ट आणि दिवसाच्या उजेडात पकडायला फार मजेचे. काहीजण खोल पाण्यात टाईलफिश नावाच्या तळाच्या माशासाठी गळ सोडतात. म्हणजे अगदी रिकाम्या हाताने सहसा येत नाही, पण टुनाची गॅरंटी देणारा कॅप्टन असला तर मुलाला म्हणावं दुसरी बोट बघ.

निवृत्त_चीफ_ऑफिसर

मी मर्चंट नेव्हीत आयुष्य काढलं, आता मांजलपूरला आहे. माशांचं वरच्या भाऊंनी छान सांगितलं, मी फक्त समुद्राचं बोलतो.

बोट लागेल का याचं उत्तर कोणीच देऊ शकत नाही, मी चांगल्या धडधाकट कॅडेटना बादली धरून बसलेलं पाहिलंय आणि एक अक्षर न बोलता समोसे खाणारे आजोबा पण पाहिलेत. चालत्या बोटीवर फारसं काही होत नाही, बोट थांबून वाहायला लागली की आडवे हेलकावे सुरू होतात आणि तुमचा रात्रीचा खेळ पूर्ण त्याच अवस्थेत आहे. म्हणून गोळी त्रास सुरू झाल्यावर नाही, निघायच्या आधी घ्यायची, शक्य तर आदल्या रात्री झोपताना एक आणि सकाळी एक. आपल्याकडे अवोमिन किंवा स्टुजेरॉन मिळते, तिकडे मेक्लिझिन काउंटरवर मिळतं. मुलगा कानामागे लावायचा स्कोपोलामिनचा पॅच आणून देईल, तो तीन दिवस चालतो आणि तरुणांना उत्तम, पण तुम्ही प्रोस्टेटची गोळी लिहिलीत म्हणून मुद्दाम सांगतो, तो लावायचा नाही. त्याने लघवी अडते, काचबिंदू असेल तर डोळ्यालाही वाईट, आणि समुद्रात शंभर मैलांवर लघवी अडणं हे उलटीपेक्षा शंभर पटीने वाईट. अवोमिनच्या जातीच्या गोळ्यांचाही तोच गुण थोड्या प्रमाणात असतो, तेव्हा कुठलीही गोळी तुमच्या डॉक्टरांना बीपी आणि प्रोस्टेट दोन्ही सांगूनच ठरवा, आणि इथे घरी एकदा घेऊन बघा किती झोप येते ते.

मधून परत आणतात का, नाही आणत. बाकी पाच जणांचे पैसे आहेत. जिवावर बेतलं तर गोष्ट वेगळी, तेव्हा कॅप्टन कोस्ट गार्डला बोलावतो. उलटी हा त्यात मोडत नाही.

हवामान स्वतः बघायला शिका, कॅप्टन बघेलच पण तुम्हाला कळलेलं बरं. अमेरिकेच्या हवामान खात्याचा ४४०६६ नंबरचा बोया न्यू जर्सीच्या लाँग बीचपासून पूर्वेला ७५ सागरी मैलांवर तरंगतो, त्याचे आकडे नेटवर कोणालाही दिसतात. त्याला टेक्सास टॉवर म्हणतात कारण त्या भागात समुद्रात पायांवर उभारलेलं रडारचं ठाणं होतं, १५ जानेवारी १९६१ ला वादळात कोसळलं आणि आतली २८ माणसं गेली. घाबरवायला सांगत नाही, पण तो समुद्र काय चीज आहे ते कळावं. तर बोयावर लाटेची उंची बघतात सगळे, तुम्ही शेजारचा सेकंदांचा आकडा बघा. चार फुटाची लाट नऊ-दहा सेकंदांनी येत असेल तर झोपाळ्यावर बसल्यासारखं वाटेल, तीच चार फुटाची लाट चार-पाच सेकंदांनी आली तर सगळे दात हलतील. वारा पंधरा नॉटच्या वर सांगितला असेल तर मुलाला आधीच विचारून ठेवा की कॅप्टन रद्द करतो का आणि पैसे परत की पुढची तारीख. जून ते नोव्हेंबर तिकडे चक्रीवादळांचा मोसम, ते शेकडो मैलांवरून गेलं तरी त्याची लाट येते.

आणि हे शेवटचं नीट वाचा, कारण हे कोणी लाजेने सांगत नाही. रात्री कठड्याशी उभं राहून लघवीला जायचं नाही. प्रोस्टेटमुळे तुम्हाला दोन-तीनदा उठावं लागणार, प्रत्येक वेळी आत जाऊन बोटीचं संडास वापरायचं, बसून. पुरुष माणसं बोटीवरून अशीही पडतात, आणि काळोखात पाण्यात पडलेलं डोकं शोधणं किती अवघड ते मला माहिती आहे. चढल्या चढल्या लाईफ जॅकेट कुठे आहे ते हात लावून बघा. रात्री एकट्याने मागच्या डेकवर जायचं तर अंगात घालूनच.

वेरावळनो_भाणो

माझं आजोळ वेरावळ, मामा लोकांच्या बोटी. तिथे टुना गिलनेटने येतो, संध्याकाळी जाळं सोडायचं, पहाटे ओढायचं, लांब शेपटाचा, ज्याला लाँगटेल म्हणतात, तो गुजरातच्या किनाऱ्याला भरपूर. मामाला विचारलं की लोक पैसे देऊन एकेक मासा गळाने पकडायला जातात तर तो अर्धा तास हसत होता. लक्षद्वीपच्या मिनिकॉयला मात्र काठीने पकडतात, जिवंत बारीक मासे पाण्यात फेकतात, वरून पाण्याचे फवारे मारतात आणि टुना वेडा होऊन काठीला लागतो, एका मागोमाग एक डेकवर. ते बघायला मी पैसे देईन. हे तुमचं तुकडे टाकून रात्रभर अंगठ्यावर लाईन धरणं आपल्याला नाही जमणार बाबा.

कारेलीबागची_काकू

मासा पकडण्यात मला गम्य नाही, पण माशाचं काय करायचं हा प्रश्न सगळ्यांनी कॅप्टनवर सोडून दिला म्हणून मी बोलते. माझी लेक पण तिकडेच आहे आणि जावई ही असली धाडसं करतो, त्यामुळे त्यांच्या फ्रीझरशी माझी जुनी ओळख आहे.

भाऊ, टुनाचं बाकी माशांसारखं नसतं, त्याचं रक्त गरम असतं, आजूबाजूच्या पाण्यापेक्षा अंग गरम ठेवतो तो, आणि अर्धा तास झुंजून आला की अजून तापलेला असतो. त्याला तसाच डेकवर फोटो काढत ठेवला की मांस आतून शिजल्यासारखं फिकट आणि भुसभुशीत होतं. म्हणून मेटला सांगायचं, फोटो एक, मग लगेच रक्त काढ. बाजूच्या पराच्या मागे चारेक बोटांवर दोन्हीकडे छोटी चीर आणि कल्ले कापायचे, धडधड रक्त जातं. मग पोट साफ करून बर्फ आणि समुद्राचं पाणी यांच्या गाऱ्यात पूर्ण बुडवायचा. नुसता वरून बर्फ टाकलेला नाही चालत, जाड मासा असतो, मधलं गार व्हायला तास लागतात.

हे चवीचं झालं, दुसरं तब्येतीचं. टुना, बांगडा या जातीचा मासा उबेत राहिला की त्यात हिस्टामिन तयार होतं, आणि ते एकदा झालं की तळा, उकळा, फ्रीझ करा, जात नाही. वास पण येईलच असं नाही. खाल्ल्यावर तासाभरात तोंड लाल, अंगावर गांधी, डोकं ठणकतं, आणि लोकांना वाटतं माशाची अॅलर्जी आहे. तेव्हा बंदर ते एडिसन तासाभराचाच रस्ता असला तरी गाडीत कूलर आणि त्यात बर्फ आधीपासून भरून ठेवायचा, धक्क्यावर उतरल्यावर शोधत फिरायचं नाही.

आता पितृपक्ष. सौ. बरोबर बोलताहेत, त्यांच्याशी भांडू नका. मासा तुमच्या घरात शिजायलाच हवा असं कुठे आहे, चार पोरं आहेत ना बरोबर, त्यातल्या दोघांना तरी काही नसेल, ताजा त्यांच्याकडे जाऊ दे. तुमच्या वाट्याचं घरी येईल ते हवा काढून पाकिटं बंद करायच्या मशीनमधून, एकेका जेवणापुरतं, वर तारीख लिहून, फ्रीझरच्या तळाशी. मधली काळपट लाल मांसाची पट्टी असते ती आधीच काढून टाका, फ्रीझरमध्ये तीच आधी बिघडते आणि सगळ्याला वास लावते. घरच्या फ्रीझरमध्ये रंग तपकिरी होतो, त्याला घाबरायचं नाही. दसऱ्यापर्यंत काही होत नाही त्याला.

दसऱ्यानंतर मात्र आपल्या पद्धतीने करा. आमच्याकडे कुपा म्हणूनच माहिती तो. बोटभर जाड तुकड्या, हळद, मीठ, आलं-लसूण-हिरवी मिरची-कोथिंबिरीचं वाटण आणि आगळ, तिकडे आगळ नाही मिळालं तर चिंचेचा कोळ. वीस मिनिटांच्या वर मुरवायचं नाही. रव्यात घोळवून तवा चांगला तापवून दोन्हीकडून पटकन. पापलेटसारखा निवांत तळत बसलात तर लाकूड होतं, मध्ये गुलाबी राहिला तरी राहू दे. कालवण करायचं तर रस्सा आधी पूर्ण उकळून घ्या, तुकड्या शेवटी टाका आणि गॅस बंद. पोटाकडची तुकडी पोरांना कच्ची खायची असते, खाऊ दे, तुम्ही बीपीवाले, सोया सॉसच्या वाटीपासून लांब राहा. आणि बिगआय मिळालाच तर त्यात पारा जास्त असतो, घरात कोणी पोटुशी असेल तर तिला नाही द्यायचा, यलोफिन त्या मानाने बरा, तोही रोज रोज नको.

विमानात घालून बडोद्याला आणायचा विचार असेल तर तो इथेच सोडा.

हिरवा_बडोदा

इतकं सगळं वाचलं पण एकानेही विचारलं नाही की हा मासा संपत चाललाय त्याचं काय. विश्वामित्रीतल्या मगरींसाठी आपण सह्या करतो आणि तिकडे जाऊन टुना मारायचा?

जर्सीवाला_बडोदेकर

@हिरवा_बडोदा प्रश्न रास्त आहे, पण सगळे टुना एक नाहीत. ज्याच्यासाठी एवढी ओरड झाली तो ब्लूफिन. आपण मुख्यतः पकडतो त्या यलोफिनला इथे गळाने पकडणाऱ्याला माणशी तीनची मर्यादा, मापाखालचा जिवंत सोडायचा. मला विचाराल तर सहा जणांनी अठराची मर्यादा गाठायची काही गरजच नाही, सहा मासे झाले की पुरे म्हणायचं, तेवढेच चार घरांना महिनाभर जातात. हे मी माझ्या ग्रुपला दर वेळी सांगतो आणि दर वेळी कोणीतरी फुगून बसतो. मगरीचा मुद्दा कुठून आला ते कळलं नाही.

दांडियाबाजारकर

अरे वा, एका रात्रीत एवढं. सगळ्यांचे आभार मानतो, वेगवेगळे नाही लिहीत. चीफ ऑफिसर साहेब, तुमचं शेवटचं सौं.ना वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या या माणसाचं ऐका. पॅच मुलाने खरंच ऑर्डर करून ठेवला होता, कॅन्सल करायला सांगितला. डॉक्टरांकडे बुधवारी जातोच आहे बीपीसाठी, तेव्हा गोळीचं विचारतो. काकू, वाटेकऱ्यांचा मार्ग सौं.ना एकदम पटला, त्यांच्या मनात बहुतेक तेच होतं, मी बोलायची वाट बघत होत्या.

म्हणजे जायचं ठरलंय असं धरा. आता खाण्याचं. मुलगा म्हणतो सबवेची सँडविच घेऊ, सौ. म्हणतात थेपले, सुकी भाजी, लिंबाचं लोणचं आणि केळा वेफर करून देते. रात्री थंडी किती असते, स्वेटर पुरेल का ते पण सांगा. आणि बूट कुठले.

जर्सीवाला_बडोदेकर

थेपले शंभर टक्के, उलटी होत असलेल्या माणसाच्या पोटात पण कोरडा थेपला राहतो आणि हाताला मासा लागलेला असताना गुंडाळी करून खाता येतो. लोणचं मात्र नको, आंबट-तिखट त्या हेलकाव्यात वर येतं. आल्याच्या वड्या घ्या. पाणी भरपूर.

केळा वेफर अजिबात नाही काका, आणि केळी पण नाहीत. इकडच्या मासेमारीच्या बोटीवर केळं अपशकुनी मानतात, कॅप्टनने पाहिलं तर सरळ समुद्रात फेकतो, काही जण तर बॅगा विचारून घेतात. वेफर चालतो की नाही यावर वाद घालायला तुम्ही तिथे जात नाही आहात, बटाट्याचे न्या.

स्वेटर नाही पुरणार. हवा पंधरा अंशांच्या आसपास असली तरी ओलं अंग आणि वारा यात रात्री दोनला हाडं वाजतात, आत थर्मल, वर फ्लीस, आणि त्यावर पाणी न शिरणारं जॅकेट आणि पँट. मुलाकडे पँट जादा नसेल तर एक स्वस्तातली घ्या, बसल्या जागी पाणी लागतं. बूट रबरी, गुडघ्याच्या खालपर्यंतचे, पांढऱ्या किंवा फिकट तळव्याचे, काळा तळवा डेकवर डाग पाडतो आणि मेट तोंडावर काही बोलत नाही पण बघतो. डेकवर माशाचं रक्त सांडलेलं असतं, चपला-सँडल कामाच्या नाहीत. दोन जोड मोजे जास्त.

जाताना चार-पाच तास आहेत त्यात सरळ बंकवर आडवे व्हा, फोन बघत बसू नका, रात्री बाराला ताजे असाल तर बाकी पाचांपेक्षा तुमचाच गळ जास्त वेळ पाण्यात राहील. आणि मुलाला सांगा मेटची टिप बोटीच्या भाड्यात धरलेली नसते, पंधरा-वीस टक्के रोख द्यायची पद्धत आहे, धक्क्यावर एटीएम मिळेलच असं नाही.